क्षेपण, संधान आणि अभिज्ञान : जंगम विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या इतिहासाचा एक शब्दनिष्ठ विचार

शस्त्र आणि अस्त्र या दोन शब्दांतील भेद आपल्या परंपरेने फार काळजीपूर्वक जपलेला आहे. जे हाती धरून चालवावयाचे ते शस्त्र आणि जे हातावेगळे करून टाकावयाचे ते अस्त्र होय. ‘अस्’ या धातूचा अर्थच मुळी ‘फेकणे’ असा आहे. ‘क्षिप्’ धातूचा अर्थही तोच. तेव्हा आज मराठीत रूढ झालेल्या ‘क्षेपणास्त्र’ या सामासिक शब्दाची फोड केली असता ‘फेकण्याचे फेकावयाचे साधन’ अशी द्विरुक्ती हाती येते. भाषेत अशा द्विरुक्ती नवीन नाहीत आणि त्यावाचून व्यवहार अडतो असेही नाही. परंतु प्रस्तुत प्रसंगी या द्विरुक्तीकडे लक्ष वेधण्याचे कारण निराळे आहे. फेकण्याची क्रिया या शब्दात दोनदा आली असून, ज्या गुणामुळे हे साधन तोफेच्या गोळ्याहून वेगळे ठरते तो गुण, म्हणजे फेकल्यानंतरही त्यास दिशा देण्याची शक्ती, त्यात एकदाही आलेला नाही.

प्रस्तुत निबंधात विमानांचा वेध घेणाऱ्या, भूमीवरून सुटणाऱ्या आणि स्थलांतर करू शकणाऱ्या क्षेपणास्त्रव्यवस्थांचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. विषय यंत्रशास्त्राचा आहे आणि प्रस्तुत लेखकाचे शास्त्र भाषेचे आहे. तथापि या व्यवस्थेच्या इतिहासात तीन प्रश्न क्रमाने उभे राहिले, आणि त्यांपैकी तिसरा प्रश्न शुद्ध अर्थनिर्णयाचा असल्यामुळे भाषाभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये. फेकावे कसे, फेकलेले हाती कसे राखावे आणि ज्यावर फेकावयाचे तो कोण हे ओळखावे कसे, असे ते तीन प्रश्न होत.

प्रथम जुन्या शब्दसंपत्तीकडे वळू. मराठीत ‘बाण’ हा शब्द धनुष्याच्या बाणाइतकाच दारूच्या बाणालाही लावला जातो, आणि दिवाळीत आकाशात सोडावयाच्या दारूकामास आपण अजूनही ‘बाण’च म्हणतो. हा अर्थ लष्करी व्यवहारातून आलेला आहे. अठराव्या शतकात मराठ्यांच्या, निजामाच्या आणि म्हैसूरकरांच्या फौजांत बाणदार असत. म्हैसूरकरांनी दारू भरावयाची नळी लोखंडाची केली, त्यामुळे तिच्यातील दाब वाढून पल्ला लांबला. 1780 मधील पोल्लिलूरच्या लढाईत या बाणांनी इंग्रजांची दैना केली आणि 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हस्तगत झालेले बाण वुलिच येथे अभ्यासासाठी गेले. विल्यम काँग्रिव्ह याने पुढे काही वर्षांतच तयार केलेले इंग्रजी अग्निबाण हे याच अभ्यासाचे फळ होय.

वाहनावर चढविलेले अस्त्र ही कल्पनाही आपल्याकडे जुनीच. उंटाच्या पाठीवरची ती शुतरनाल, हत्तीवरची ती गजनाल, आणि एका माणसाने उचलून न्यावयाची ती नरनाल. यांपैकी शेवटच्या दोहोंचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त आहे. या समासांची रचना पाहण्यासारखी आहे. नळी सर्वत्र एकच असून, नाव बदलते ते वाहकावरून. शस्त्राचे वर्गीकरण त्याच्या माऱ्यावरून न करता त्याच्या चालीवरून करणारी ही नावे, सैन्याच्या हालचालीत तोफ मागे पडू नये ही तत्कालीन चिंता बोलून दाखवितात. मोगलांच्या तोफखान्यातील ‘जिन्सी’ व ‘दस्ती’ हा भेद, म्हणजे जड आणि हलका तोफखाना, हाही त्याच चिंतेचा द्योतक आहे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्ग आणि चतुरंगवर्ग निरनिराळे मांडले आहेत. तोफखान्याच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र शस्त्र आणि त्याची चाल यांची अशी फारकत करता येत नाही. कायद्याच्या भाषेतील ‘स्थावर’ व ‘जंगम’ ही जोडी या निबंधात वापरली आहे ती याच कारणास्तव.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. जुन्या शब्दांचे हे साम्य पाहून आधुनिक यंत्रे प्राचीनांना अवगत होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. शब्दाची परंपरा आणि वस्तूची परंपरा या दोन भिन्न गोष्टी होत. म्हैसूरचा बाण एकदा सुटला की सोडणाराची त्यावरील सत्ता संपत असे. वाऱ्याने तो वळला तर वळला. विमानवेधी क्षेपणास्त्राचा जन्म होण्यास विमान, रडार आणि विद्युत्-गणनयंत्र या तिन्हींचा जन्म आधी व्हावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात विमानाचा सामना मुख्यतः तोफांनी केला. उंच आणि वेगाने जाणाऱ्या विमानावर गोळा टाकावयाचा म्हणजे, गोळा तेथे पोहोचेपर्यंत विमान कोठे असेल याचे गणित करून त्या रिकाम्या जागी नेम धरावयाचा. मध्यंतरी वैमानिकाने दिशा बदलली की गणित चुकले. सुटलेल्या अस्त्राला वाटेतच सुधारता आले तर ही अडचण दूर होईल, या विचारातून जर्मनीत ‘वासरफाल’ नावाचे क्षेपणास्त्र प्रयोगावस्थेपर्यंत आले, पण युद्धात त्याचा उपयोग होण्यापूर्वीच युद्ध संपले. पुढील दशकात अमेरिकेने ‘नाइके’ आणि रशियाने मॉस्कोभोवती ‘एस-25’ या व्यवस्था उभारल्या. त्या पूर्णपणे स्थावर होत्या. 1957 मध्ये सेवेत आलेली रशियन ‘एस-75’ वाहनांवरून हलविता येत असे, परंतु मोडून पुन्हा मांडावयास तिला काही तास लागत. 1 मे 1960 रोजी स्वेर्दलोव्स्कजवळ अमेरिकेचे अत्युच्च उड्डाण करणारे ‘यू-2’ हे टेहळणी विमान तिने पाडले, आणि केवळ उंची हे विमानाचे संरक्षण आता राहिलेले नाही हे जगास कळून चुकले.

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. तिची अंगे सामान्यतः चार. पहिले शोधक रडार. ते सर्व दिशांना रेडिओलहरी पाठवून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे अंतर व दिशा सांगते. 25 किलोमीटर अंतरावरील विमानाचा प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाचा सुमारे सहा-हजारावा भाग लागतो. दुसरे मागोवा घेणारे रडार. ते निवडलेल्या लक्ष्यावर आपला किरण खिळवून ठेवते. तिसरे आज्ञाकेंद्र. तेथे लक्ष्यांची निवड, धोक्याचा क्रम आणि सोडण्याचा निर्णय होतो. चौथे अंग म्हणजे प्रक्षेपक आणि त्यावरील क्षेपणास्त्रे. ही चारही अंगे वाहनांवर चढविली, एकमेकांशी बिनतारी वा तारेच्या संपर्काने बांधली आणि थोड्या वेळात मांडता-मोडता येतील अशी केली म्हणजे व्यवस्था जंगम झाली.

फेकलेले अस्त्र हाती राखण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्या प्रकारात जमिनीवरील रडार लक्ष्य आणि क्षेपणास्त्र या दोहोंकडे पाहते, गणनयंत्र दोहोंतील अंतर मोजते आणि रेडिओद्वारे क्षेपणास्त्रास वळण्याच्या आज्ञा देते. दुसऱ्या प्रकारात जमिनीवरील रडार लक्ष्यावर प्रकाशझोतासारखा किरण टाकते आणि क्षेपणास्त्राच्या टोकातील ग्राहक लक्ष्यावरून परावर्तित झालेल्या लहरींचा माग काढतो. तिसऱ्या प्रकारात क्षेपणास्त्र स्वतःच्याच रडाराने वा लक्ष्याच्या उष्णतेच्या आधारे पुढचा मार्ग शोधते.

‘अग्निपुराणा’तील धनुर्वेदप्रकरणात युद्धसाधनांचे यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त आणि बाहुयुद्ध असे पाच वर्ग केले आहेत. मुक्तसंधारित म्हणजे सोडलेले असूनही पुन्हा धारण केलेले. प्रास हे त्याचे उदाहरण आहे. ग्रंथकाराच्या मनात भाल्याशिवाय दुसरे काही नव्हते हे उघड आहे. तरीही आज्ञानियंत्रित क्षेपणास्त्राच्या स्वरूपाचे वर्णन करावयास ‘मुक्तसंधारित’ हा शब्द ‘क्षेपण’ या शब्दापेक्षा अधिक समर्पक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुवा तुटला की मुक्तसंधारित केवळ मुक्त होते. म्हणूनच या व्यवस्थांचा प्रतिपक्षी नेहमी क्षेपणास्त्रापेक्षा त्याच्या दुव्यावर, म्हणजे रडारावर, घाव घालतो.

यातूनच जंगमतेची खरी निकड उत्पन्न झाली. रडार बोलते तेव्हा आपले ठिकाणही सांगते. व्हिएतनामच्या युद्धात जुलै 1965 पासून ‘एस-75’ अमेरिकन विमानांवर वापरण्यात आली, आणि रडाराच्या लहरींचाच माग काढून त्यावर कोसळणारी क्षेपणास्त्रे अमेरिकेने रणांगणात आणली. तेव्हा बोलावे थोडे आणि जागा बदलावी वारंवार, हा धडा उत्तर व्हिएतनामने घेतला. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात रशियन बनावटीची ‘कुब’ ही व्यवस्था पुढे आली. साखळीपट्ट्यांच्या वाहनावर तीन क्षेपणास्त्रे आणि तशाच निराळ्या वाहनावर रडार, अशी तिची मांडणी होती. तिचा लक्ष्यावर पडणारा किरण इस्रायली विमानांतील इशारायंत्रांना अपरिचित होता, आणि पहिल्या काही दिवसांत इस्रायली हवाईदलाची मोठी हानी झाली. परंतु 9 जून 1982 रोजी बेका खोऱ्यात इस्रायलने सीरियाच्या बहुतेक विमानवेधी तुकड्या एका दिवसात उद्ध्वस्त केल्या. त्यांतही ‘कुब’ होत्याच, पण त्या बराच काळ जागच्या जागी ठेवण्यात आल्या होत्या. साधन जंगम असून वापर स्थावर झाला, आणि फळ स्थावराचे मिळाले.

भारतीय सैन्याच्या विमानवेधी तोफखान्याचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. तोफखान्याचे विद्यालय नाशिकजवळ देवळाली येथे आहे आणि विमानवेधी शिक्षणाची शाखाही तेथेच होती. ती 1989 मध्ये ओडिशातील गोपाळपूर येथे गेली, व 1994 मध्ये विमानवेधी दल तोफखान्यापासून स्वतंत्र झाले. आरंभीची क्षेपणास्त्रे मुख्यतः रशियाकडून आली. 1983 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या एकात्मिक कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, नाग, त्रिशूळ आणि आकाश ही पाच क्षेपणास्त्रे होती. त्यांपैकी शेवटची दोन विमानवेधी. त्रिशूळ सेवेत येऊ शकले नाही. आकाशचे पहिले चाचणी-उड्डाण 1990 मध्ये झाले आणि सैन्यात व हवाईदलात त्याचा रीतसर स्वीकार 2015 मध्ये झाला. पंचवीस वर्षांचा हा काळ या विद्येची दुर्घटता सांगण्यास पुरेसा आहे.

आकाशच्या निर्मितीत पुण्याच्या प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे. त्याचा प्रक्षेपक दिघी येथील अभियांत्रिकी संशोधन व विकास संस्थेने सिद्ध केला. सैन्यासाठी तो टी-72 रणगाड्याच्या सांगाड्यावर आणि हवाईदलासाठी चाकांच्या गाडीवर चढविण्यात आला. प्रत्येक प्रक्षेपकावर तीन क्षेपणास्त्रे, आणि एका तुकडीत चार प्रक्षेपक व ‘राजेंद्र’ नावाचे एक रडार. क्षेपणास्त्र सुमारे 720 किलोग्रॅम वजनाचे व पावणेसहा मीटरांहून किंचित लांब असून त्याचा पल्ला 25 किलोमीटरांच्या आसपास आहे. ‘राजेंद्र’ रडाराची तबकडी किरण वळविण्यासाठी फिरवावी लागत नाही. हजारो सूक्ष्म घटकांतून निघणाऱ्या लहरींच्या कलेत अंतर पाडून किरणाची दिशा क्षणार्धात बदलता येते, म्हणूनच एकच रडार अनेक लक्ष्ये आणि अनेक क्षेपणास्त्रे सांभाळू शकते. क्षेपणास्त्रास आरंभीची गती घन इंधनाने मिळते आणि पुढे समोरची हवा आत घेऊन इंधन जाळणारे ‘रॅमजेट’ इंजिन काम करते. सामान्य अग्निबाण इंधन संपल्यावर केवळ आवेगाने जातो. आकाशला मात्र लक्ष्यापर्यंत इंजिनाचा रेटा मिळत राहतो आणि त्यामुळे शेवटच्या वळणातही त्याची चपळता टिकते.

चाके की साखळीपट्टे, हा प्रश्न खामगावच्या वाचकास समजावून देण्याची गरज पडू नये. घाटाखाली उतरून पूर्णेच्या खोऱ्यात मृगानंतर गाडी घालून पाहणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला काळ्या जमिनीत चाक कसे रुतते हे ठाऊक असते. भार तोच, पण चाकाखाली तो थोड्या जागेवर एकवटतो आणि पट्ट्याखाली पसरतो. पट्ट्याचे वाहन वाट सोडून चालू शकते, चाकाचे वाहन सडकेवर वेगाने आणि कमी खर्चात धावते. हवाईदलास विमानतळाचे रक्षण करावयाचे असते व सैन्यास रणगाड्यांबरोबर चालावयाचे असते. शुतरनाल आणि गजनाल यांच्या नावांतील विवेक येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

याच खोऱ्याच्या आधाराने काळाचेही गणित मांडता येईल. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारास क्षितिजाखालचे दिसत नाही. 10 मीटर उंचीवरील रडारास 100 मीटर उंचीवरून येणारे विमान, मध्ये टेकडी नसल्यास, फार तर 54 किलोमीटरांवरून दिसेल, म्हणजे खामगावी असलेल्या रडारास जवळजवळ अकोल्याजवळ. सेकंदाला 250 मीटर वेगाने ते विमान साडेतीन मिनिटांत डोक्यावर येते. विमान क्षेपणास्त्राच्या पल्ल्यात येईपर्यंतचा काळ तर दोन मिनिटांहूनही कमी. एवढ्या अवधीत पाहणे, मागोवा धरणे, ओळखणे, ठरविणे आणि सोडणे इतक्या क्रिया व्हावयाच्या. यांपैकी पाहणे आणि मागोवा धरणे यंत्रांनी बव्हंशी साधले आहे. ओळखणे मात्र साधलेले नाही.

आपण आरंभी सांगितलेला तिसरा प्रश्न तो हाच. रडाराच्या पडद्यावरील ठिपका स्वतःचे नाव सांगत नाही. म्हणून मित्र-शत्रू ओळखयंत्रणा निर्माण झाली. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो व स्वकीय विमानातील यंत्र त्याचे सांकेतिक उत्तर देते. हा एक संवाद आहे आणि त्याला संवादाचे सर्व दोष लागू आहेत. योग्य उत्तर आले तर विमान आपले. परंतु उत्तर आले नाही तर? यंत्र बिघडलेले असेल, बंद असेल, संकेत बदललेला असेल, किंवा विमान नागरी असून त्यास लष्करी संकेत ठाऊकच नसेल. मौन हे नकाराचे विधान नव्हे, हा अर्थविचारातील प्राथमिक सिद्धांत आहे. दोन मिनिटांच्या ताणाखाली मात्र मौनाचा अर्थ ‘शत्रू’ असा लावला जातो.

त्याची किंमत अलीकडच्या इतिहासात निदान तीनदा मोजली गेली आहे, आणि या तिन्ही वेळा साधन जंगम होते. 17 जुलै 2014 रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान ‘बुक’ क्षेपणास्त्राने पाडले गेले व 298 माणसे मृत्युमुखी पडली. ‘बुक’चे प्रक्षेपक वाहन स्वतःच्या लहान रडारावर, शोधक रडार व आज्ञाकेंद्र यांच्यावाचूनही, मारा करू शकते. जंगमतेच्या दृष्टीने हा गुण, ओळखीच्या दृष्टीने मोठा दोष. 8 जानेवारी 2020 रोजी तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान ‘तोर’ क्षेपणास्त्रांनी पाडले गेले, 176 माणसे गेली. इराणच्या नागरी विमान वाहतूक संस्थेच्या अहवालानुसार, ते वाहन जागा बदलून आल्यावर त्याची उत्तर दिशा नव्याने जुळविली गेली नव्हती आणि त्यामुळे दिशेत 107 अंशांची चूक राहिली होती. विमानतळावरून निघालेले विमान त्यामुळे भलत्याच दिशेने येताना दिसले. वरिष्ठ केंद्राशी संपर्क न होताच क्षेपणास्त्र सुटले. जागा बदलणाराने प्रत्येक वेळी उत्तर दिशा नव्याने शोधावयाची असते, हा नियम किती जीवघेणा ठरू शकतो ते येथे दिसते.

तिसरी घटना आपल्याच घरातील आहे. 27 फेब्रुवारी 2019 रोजी सकाळी, भारत-पाकिस्तान विमानांची चकमक चालू असताना, श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्याच ‘स्पायडर’ व्यवस्थेच्या क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-17 हेलिकॉप्टर पडले. हवाईदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. त्या सहांत नाशिकचे एक वैमानिक होते. ही आपली मोठी चूक होती, असे हवाईदलाच्या प्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. ही कबुली दिली गेली हे उचितच झाले. मे 2025 मधील संघर्षात आकाश व इतर व्यवस्थांनी बजावलेल्या कामगिरीचा अभिमान बाळगताना बडगामचेही स्मरण ठेवणे हे त्या मृतांचे आपल्यावरील ऋण आहे. त्या संघर्षात निरनिराळी रडारे व तुकड्या एका जाळ्यात गुंफून सर्वांना एकच आकाशचित्र दाखविण्यावर भर होता. तो भर या तिसऱ्या प्रश्नाचेच उत्तर शोधीत होता, असे म्हणता येईल. एकटा डोळा जे ओळखू शकत नाही ते अनेक डोळ्यांची साक्ष जुळवून ओळखावे, असा त्याचा मथितार्थ.

ओळखीच्या या क्रियेस मराठीत नाव द्यावयाचे झाल्यास ‘अभिज्ञान’ हा शब्द सुचवावासा वाटतो. अभिज्ञान म्हणजे खुणेवरून पटलेली ओळख. कालिदासाच्या नाटकाच्या नावात तो याच अर्थाने आला आहे. तेथे खुणेची अंगठी हरवली आणि समोर उभी असलेली व्यक्ती परकी ठरली. खूण हरवल्याने नाते संपत नाही, केवळ ओळख पटत नाही. रडारापुढे बसलेल्या तरुण अधिकाऱ्याला हा भेद दोन मिनिटांत करावयाचा असतो.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, या अस्त्रांच्या इतिहासात क्षेपणाचा प्रश्न अठराव्या शतकातच हाती आला होता, संधारणाचा प्रश्न विसाव्या शतकात सुटला, आणि अभिज्ञानाचा प्रश्न एकविसाव्या शतकातही खुला आहे. आपल्या ‘क्षेपणास्त्र’ या शब्दाने मात्र पहिल्याच प्रश्नाचा दोनदा उच्चार करून उरलेले दोन्ही वगळले आहेत. रूढ झालेला शब्द बदलावा असा आग्रह येथे नाही. परंतु परिभाषा घडविणारांनी आणि इतिहास लिहिणारांनी या वगळलेल्या भागाची नोंद ठेवावी, एवढे सुचविणे आवश्यक वाटते. कारण मारा किती लांब गेला याची मोजदाद सर्वच करतात. तो कोणावर झाला, हे विचारण्याचे काम बहुधा मागाहून उरते.